तिठ्यावरचा दगड

दगड आला तेव्हा मी भट्टीपाशी कुदळीला धार लावत होतो. माझं दुकान तिठ्यावरच. डावीकडची वाट विहीरवाल्यांच्या घराकडे जाते, उजवीकडची नांगरवाल्यांच्या, आणि तिसरी गावाबाहेर. त्यामुळे गावात काही घडायचं असलं की ते आधी माझ्या दारात येऊन घडतं. मला कुणाला विचारायला जावं लागत नाही.

ट्रॅक्टर चढ चढून आला, धूर ओकत. चालवत होता आमचा दादा, नांगरवाल्यांचा. त्याचं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही, सगळे दादाच म्हणतात. मागच्या ट्रॉलीत गोणपाटात गुंडाळलेला पुरुषभर उंचीचा काळा दगड. पाथरवट त्याच्यावर आडवा बसलेला, नवरदेव आणल्यासारखा. खाणीपासून इथपर्यंतची वाट म्हणजे नुसते खड्डे आणि फुफाटा. दादा सकाळी अंधारात निघाला होता. डिझेल त्याचं, ट्रॅक्टर त्याचा, मेहनत त्याची. गावाचं काम आहे म्हणाला, माझ्या आज्याचं नाव लागणार आहे, भाडं कसलं घ्यायचं?

आता हे आज्यांचं आधी सांगायला हवं. आमचं गाव काही फार जुनं नाही. या माळावर पूर्वी कुसळं आणि दगड यापलीकडे काही नव्हतं. दोन माणसं आली. एकानं विहीर खोदली, दुसऱ्यानं जमीन फोडली. पहिल्याचं घराणं ते विहीरवाले, दुसऱ्याचं ते नांगरवाले. बाकीचे आम्ही सगळे मागून आलो, पाणी आणि पीक दिसल्यावर. म्हणून गावानं ठरवलं की तिठ्यावर एक दगड उभा करायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे की हे गाव कुणी वसवलं. काम अंगावर घेतलं मुकादमानं. मुकादम म्हणजे विहीरवाल्यांचा कर्ता. विहिरी खोदणाऱ्या गड्यांची टोळी त्याच्या हाताखाली, त्यामुळे पहारी, घण, दोर, माणसं, सगळं घरचंच.

आणि या मुकादमाची बायको म्हणजे दादाची सख्खी बहीण. आमची ताई. माहेर उजवीकडे, सासर डावीकडे, मधे माझी भट्टी. लहानपणी दादा, ती आणि मी, आम्ही तिघं एकाच बांधावर शेण गोळा करायचो. गावात ती सगळ्यांचीच ताई.

दादानं ट्रॅक्टर थांबवला, इंजिन चालूच ठेवलं, कारण ते एकदा बंद पडलं की पुन्हा ढकलायला चार माणसं लागायची. खाली उडी मारून ट्रॉलीवर चढला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"बघू तरी," म्हणाला. "एवढं ओझं वाहून आणलंय, माझा आजा कसा दिसतो ते बघू."

पाथरवट उगाच खोकला. "मुकादमांना येऊ द्या की. ते म्हणाले होते, समारंभालाच उघडायचं."

"अरे, मी काय परका आहे?" दादानं कोयत्यानं सुतळी कापली आणि गोणपाट ओढलं.

दादाला वाचता येतं, पण बोट फिरवत, एकेक अक्षर जुळवत. तो वाचत गेला तसा मी भट्टीवरून उठलो, कारण त्याचं बोट खाली येऊन थांबलं आणि पुढं सरकेचना. दगडावर होतं, की या उजाड माळावर विहीर खोदून ज्या पुरुषानं हे गाव वसवलं त्याच्या स्मरणार्थ. खाली एकच नाव. विहीरवाल्या आज्याचं.

दादानं दगडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बघितलं. तिथं नुसता काळा पत्थर. मग वाकून त्यानं दगडाचा तळही बघितला. 

"दुसरं नाव कुठं आहे?" त्यानं विचारलं.

पाथरवट म्हणाला, "मला जे सांगितलं ते मी कोरलं, दादा. माझ्यावर नका येऊ."

तोवर मुकादम आला. बरोबर टोळीतले गडी, खांद्यावर पहारी. अंगानं आडवा माणूस, मान नाहीच, खांद्यावर डायरेक्ट डोकं. उघडा दगड बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"माझ्या आज्याचं नाव कुठं आहे?"

"विहीर कुणी खोदली?"

"आणि जमीन कुणी फोडली? नुसतं पाणी पिऊन जगले काय तुमचे?"

"हे बघ," मुकादम म्हणाला, "पाणी नसतं तर तुझ्या आज्यानं नांगर काय कुसळांत चालवला असता? पाणी पहिलं. पहिला तो पहिला. दगडावर एकच पहिला असतो."

"भाऊजी, माझ्या ट्रॉलीवरनं, माझ्या डिझेलवर, माझ्याच आज्याचं नाव नसलेला दगड आणलात माझ्याकडनं!" दादाचा आवाज चिरकला. "सगळ्या वाटेला मी पोरासारखा जपून आणला. खड्डा आला की हळू, खड्डा आला की हळू. आणि तुम्ही घरी बसून हसत होतात!"

मुकादम खरंच हसला. तिथं चुकलं. हसला नसता तर कदाचित शिव्यांवर भागलं असतं.

दादा सीटवर जाऊन बसला. "चाललो मी. खाणीत नेऊन टाकतो. कुणाला हवा तर डोक्यावर आणा."

त्यानं गियर टाकायच्या आत मुकादमानं त्याचा दंड धरून खाली ओढला. दादा चाकावर आपटला, ओठ फुटला. उठला तो डोकं खाली घालूनच, बैलासारखा, आणि मुकादमाच्या पोटात घुसला. दोघं भेलकांडत ट्रॉलीच्या मागं गेले. तिथं मुकादमानं त्याला पाडला, छातीवर गुडघा दिला आणि थोबाडावर बुक्क्या हाणायला लागला. एक, मग दुसरी, मग मोजायचं भान कुणाला. दादाच्या नाकातून रक्त आलं तरी तो तेच तेच म्हणत होता, "नाव कुठं आहे? नाव कुठं आहे?"

गड्यांनी आधीच ट्रॉलीचा मागचा फाळका काढून ठेवला होता, दगड उतरवायला. त्यातल्या एकाला वाटलं, चालू ट्रॅक्टर घरंगळेल, बंद करावा. वर चढला, आणि बंद करायचं सोडून त्यानं चुकून ट्रॉली उलटायची कांडी ओढली. ट्रॉलीचं तोंड वर उठलं. दगड करकरला. मी ओरडलो. मुकादमानं मान वळवून बघितलं आणि उडी मारून बाजूला झाला. दादा उताणा होता, डोळ्यांत रक्त. त्यानं एक पाय ओढून घेतला. दुसरा राहिला.

तो आवाज मी सांगत नाही. मी आयुष्यभर लोखंड ठोकतोय, मला आवाजांची सवय आहे, पण तो आवाज मी सांगत नाही.

धुरळा बसला तेव्हा दगड आडवा पडला होता आणि त्याच्याखाली दादाचा उजवा पाय, गुडघ्याच्या खालून. दादा ओरडत नव्हता. तोंड उघडं, आवाज नाही. मी दुकानातली पहार उचलून धावलो. पाथरवट धावला. गडीही वाकले. तेवढ्यात मुकादम म्हणाला, "थांबा."

गडी थांबले. त्याच्या शब्दावर विहिरीत उतरणारी माणसं ती.

"आधी म्हणू दे," मुकादम म्हणाला. धापा टाकत होता, हातात पहार होती. "म्हणू दे, दगड इथंच बसेल. सगळ्यांसमोर म्हणू दे. मग उचला."

"अरे मुकादम, माणूस मरेल!" मी म्हणालो.

"मरत नाही. म्हण रे!"

मी पहार दगडाखाली घातली. एकट्यानं दगड हलेना. दादा माझ्याकडे बघत होता, आणि मी गड्यांकडे बघत होतो, आणि गडी मुकादमाकडे.

ताई डावीकडच्या वाटेनं पळत आली. भांडी घासत असावी, कोपरापर्यंत हात राखेनं माखलेले. तिनं कुणाला काही विचारलं नाही. सरळ नवऱ्यापाशी गेली आणि त्याच्या हातातली पहार धरली. त्यानं सोडली नाही. तिनं ओढली. त्यानं तिला पहारीसकट ढकललं. मग तिनं खाली वाकून त्याच्या मनगटाचा चावा घेतला, कुत्र्यानं धरावा तसा, आणि धरूनच राहिली. मुकादम किंचाळला. पहार सुटली. ताई तोंडातलं रक्त थुंकून दगडाकडे आली.

"कुठं घालू?" तिनं मला विचारलं.

"इथं. मी म्हणेन तेव्हा जोर."

दोघांनी जोर केला. दगड तसूभर उचलला गेला. पाथरवटानं दादाच्या काखेत हात घालून ओढला. पाय आला, पण पायासारखा आला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याखालून कापला. पोलीस आले. दादानं खाटेवरून सांगितलं, "ट्रॉली उलटली. अपघात." हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे बघितलं. दादानं डोळे मिटून घेतले. आमच्या गावात माणूस 'आमचं आम्ही बघू' असं तोंडानं म्हणत नाही. पोलिसांना अपघात सांगतो. तेव्हा मला कळलं की हे एवढ्यावर मिटत नाही.

दादा घरी आला तशी ताई माहेरी जाऊन राहिली. दादाची बायको अंगानं काडी, दम्यानं बेजार. तिच्यानं एवढ्या धिप्पाड माणसाला उठवणं-बसवणं व्हायचं नाही. ताई त्याला पाठीवर घेऊन न्हाणीत न्यायची. पट्टी बदलायची. रात्री पाय दुखतो म्हणून तो ओरडायचा, नसलेला पाय, तेव्हा ती खाली मोकळ्या जागी हात फिरवायची. दादाची बायको म्हणजे आमची वहिनी. ती सांगायची मला हे. म्हणायची, "तिथं काही नाही, भाऊजी, नुसतं अंथरूण आहे, आणि ती तिथं चोळत बसते. आणि हे झोपतात."

मुकादम बायकोला न्यायला आला तो भर दुपारी. मी तिथंच होतो. दादासाठी कुबड्या केल्या होत्या, त्यांच्या टोकांना लोखंडी टोप्या बसवत होतो. मुकादमाच्या मनगटावर अजून फडकं बांधलेलं.

"चल घरी," तो अंगणातून म्हणाला.

"येईन. याला चालता येऊ दे," ताई ओसरीवरून म्हणाली.

"माणसं हसतात मला."

"मग पाय परत आण त्याचा. कुणी हसणार नाही."

तो दोन ढांगांत ओसरीवर चढला. केस धरले आणि तिला खांबावर आपटलं. तिच्या तोंडातून दात पडला, फरशीवर टणकन वाजला. मी मधे पडलो तर मला कोपर मारून त्यानं बाजूला केलं. आतल्या खोलीतून दादानं बघितलं. खाटेवरून उतरायला गेला आणि विसरला. नसलेल्या पायावर उभा राहायला गेला आणि तोंडावर पडला. मग फरशीवर हातांनी सरपटत उंबऱ्यापर्यंत आला. "सोड तिला," म्हणत होता. "मला मार. सोड तिला." आणि मुकादम त्याच्याकडे बघत बघत तिला मारत होता. मारत तिला होता, बघत याच्याकडे होता.

ताईनं ते ओळखलं. तिनं एक हात वर केला. "चल," म्हणाली. "येते मी. चल इथून."

वहिनीनं तिचा हात धरला, "जाऊ नका, ताई."

"याच्यासमोर नको, वहिनी." एवढंच म्हणाली. तोंडावर हात दाबून नवऱ्याच्या पुढं पुढं चालत गेली, मागं नाही. मी फरशीवरचा दात उचलला आणि काय करावं कळेना म्हणून खिशात ठेवला.

त्याच आठवड्यात विहीरवाल्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. दिवसाढवळ्या, वारा सुटलेला असताना. गंजी गेली, गोठ्याचं छप्पर गेलं, दाव्याला बांधलेली म्हैस गेली. काडी कुणी लावली ते कुणी बोललं नाही, पण दादाचा पुतण्या दुसऱ्या दिवशीपासून गावात दिसेना. मग मुकादमाची टोळी घण घेऊन नांगरवाल्यांच्या अंगणात शिरली. ट्रॅक्टरचा त्यांनी चेंदामेंदा केला. इंजिन फोडलं, चाकं चिरली, स्टिअरिंग उपटून विहिरीत टाकलं. दादा खाटेवर बसून बघत राहिला. शेजारणीनं सांगितलं की प्रत्येक घावाला त्याचे डोळे मिटत होते.

दगड मात्र तिठ्यावर पालथा पडून होता. कुणी हात लावेना. कुत्री त्याच्या सावलीला बसायची.

एक दिवस मुकादमाचा बाप माझ्या दुकानात येऊन टेकला. म्हातारा पार वाळलेला, पण जीभ शाबूत. दगडाकडे बघत म्हणाला, "एक चिलीमभर विस्तव दे."

मी दिला. म्हणालो, "आबा, तुम्ही तरी पोराला आवरा. तुमच्या बापाची आणि नांगरवाल्या आज्याची केवढी दोस्ती होती म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

म्हातारा खोकून खोकून हसला. "अरे, विहिरीला पाणी लागलं ना, त्याच दिवशी दोघांनी एकमेकांची डोकी फोडली. पाणी पहिलं कुणाच्या जमिनीला, यावरनं. माझ्या बापानं त्याचा हात मोडला. त्यानं आमची झोपडी पेटवली, आत बाळंतीण होती. नशीब, वाचली. त्यानंतर दोघांनाही इथून निघून जायचं होतं. काय होतं इथं? दगड. पण हा निघाला तर तो म्हणणार, पळाला. आणि तो निघाला तर हा म्हणणार, पळाला. म्हणून राहिले दोघं. मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. त्यातनं हे गाव झालं."

"मग दगडावर हे का नाही लिहिलंत?"

"एवढा मोठा दगड कुठनं आणणार?" म्हातारा म्हणाला आणि उठून गेला.

पीक निघाल्यावर मुकादमानं दगड उभा केला. पाथरवटानं यायला साफ नकार दिला, तेव्हा त्यानं गड्यांकडूनच खड्डा खणून घेतला, सिमेंट भरलं, यारीनं दगड उचलून बसवला. यारी म्हणजे विहिरीतला गाळ वर ओढायचं यंत्र. त्या दिवशी तिच्या दोराला दगड लटकला. चारी बाजूंनी टोळी काठ्या घेऊन उभी, कारण नांगरवाले काहीतरी करतील ही भीती. मग दवंडी दिली, अमुक दिवशी सकाळी सगळ्यांनी या.

सगळे आले. न येऊन सांगतो कुणाला! बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मास्तर बोलले थोडंसं, घाबरत घाबरत, की पूर्वजांचे कष्ट आपण विसरता कामा नये. दगडावर पांढरं कापड. मुकादमानं ते ओढलं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नाही वाजवल्या.

आणि उजवीकडच्या वाटेवर टक् टक् वाजायला लागलं. माझ्याच टोप्या त्या, मी ओळखल्या. दादा येत होता, कुबड्यांवर, एकटा. पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. गर्दीनं वाट दिली. तो दगडासमोर येऊन उभा राहिला.

"कशाला आलास?" मुकादमानं विचारलं. त्यानं उजवा हात दगडाच्या डोक्यावर ठेवला होता, आपल्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"बघायला," दादा म्हणाला. "गावाचा दगड आहे. मी गावातलाच आहे."

"बघ मग. एका पायावर उभा राहून बघ." आणि मुकादमानं पाय लांब करून कुबडीला लाथ हाणली.

दादा पडला. दुसऱ्या कुबडीवर सावरायला गेला, तीही निसटली, आणि कापलेला पाय दगडाच्या पायथ्याला आपटला. टोळीतले दोघं-तिघं हसले. दादा मातीत वळवळत होता, जखम उकलली होती, फडक्यावर लाल पसरत होतं. पुढं व्हायची कुणाची छाती झाली नाही. मुकादम तसाच उभा, हात दगडावर.

मी बायकांकडे बघितलं. ताई तिथं नव्हती.

ती माझ्या दुकानात होती. भिंतीला टेकलेला घण तिनं उचलला. मी दारापासून हातभर अंतरावर होतो. आमची नजरानजर झाली. मी बाजूला सरकलो. खरं तर मी तिच्या वाटेतच नव्हतो, तरी सरकलो. तिनं लग्नानंतर कितीतरी वर्षं टोळीबरोबर दगड फोडला होता. घण कसा धरायचा, वजन कसं येऊ द्यायचं, ते तिला शिकवायला नको होतं. गर्दीतून ती सरळ आली. मुकादमाचं लक्ष खाली, दादाकडे. त्यानं बघितलं तेव्हा घण वर गेलेला होता.

घण त्याच्या हातावर पडला, दगडाच्या डोक्यावरच.

दगडाचा कोपरा उडाला. मुकादम गुडघ्यांवर बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला. तो हात राहिला नव्हता, नुसता गोळा झाला होता, बोटं भलत्याच दिशांना. मग तो ओरडला. टोळी काठ्या घेऊन पुढं सरकली. ताईनं घण पुन्हा उचलला, खांद्यावर घेतला.

"या," म्हणाली. तोंडात दात नव्हता तिथून शब्दाला वारा लागत होता. "कोण येतंय?"

कुणीही आलं नाही. त्या माणसांनी तिच्या हातचं जेवण खाल्लेलं होतं. मुकादम खाली पडलेला, हुकूम द्यायला कुणी नाही. एकानं काठी खाली ठेवली. मग दुसऱ्यानं. ताईनं घण टाकला, भावाला काखेत धरून उठवलं, कुबड्या हातात दिल्या आणि त्याचं फडकं घट्ट बांधलं.

पोलीस आले. हवालदार तोच. मुकादम दवाखान्यात पडून होता, हाताला हे एवढं प्लास्टर. "कुणी मारलं?" त्याला विचारलं.

 बायकोनं हात ठेचला, हे तोंडातून काढायचं कसं? "पडलो," तो म्हणाला. "दगडावर तोल गेला. अपघात."

हवालदारानं कपाळाला हात लावला. "तुमच्या गावात एकच दगड आहे, आणि सगळे त्याच्यावरच पडता?"

आम्हाला विचारलं. आम्ही कुणीच काही बघितलं नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, ताई आता माहेरीच राहील. दादानं तर खोली झाडून घ्यायला सांगितली होती. पण संध्याकाळच्या आत ती डावीकडच्या वाटेनं निघाली. दादा तिठ्यापर्यंत आला तिच्या मागं, धडपडत.

"त्याच्या घरात परत चाललीस?"

"त्याचं एकट्याचं घर नाही ते. त्याच्या भिंती मी सारवल्या, त्याच्या विहिरीतला दगड मी फोडला. मी का सोडू?"

"तो तुला जिवंत ठेवणार नाही."

"बघू."

"गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

ती थांबली. मला वाटलं फिरेल. फिरली नाही. दार म्हाताऱ्यानं उघडलं, सासऱ्यानं. आत घेतलं आणि चूल पेटवायला फुंकणी हातात दिली.

मुकादमाचा हात जोडला गेला, पण वाकडा, आकड्यासारखा. त्यानं तिच्यावर पुन्हा हात उचलला नाही. लोक हसून म्हणतात, उचलायला हात राहिला कुठं? पण डावा होता की. तो धडधाकट होता. तोही उचलला नाही. दिवसभर ओसरीवर बसतो, वाटेकडे बघत. जेवताना डाव्या हातानं सांडतो आणि ती ताट जवळ सरकवते. दोघं काय बोलतात, बोलतात की नाही, ते कुणाला ठाऊक नाही.

टोळी मोडायला आली होती. मुकादमच नाही म्हटल्यावर काम कोण देणार? ताईनं पहिलं काम आणलं तेव्हा गडी खाली मान घालून उभे राहिले. बाईच्या हुकमावर विहिरीत उतरायचं म्हणजे!  ताई दोर कमरेला बांधून स्वतः उतरली, आणि खालून ओरडली, "वर उभं राहून उजेड अडवू नका. एक तर खाली या, नाहीतर घरी जा." खाली आले. आता शेजारच्या गावांतूनही तिलाच बोलावतात. हत्यारं तिची माझ्याकडेच येतात धारेला.

दादा मात्र तिच्याशी बोलला नाही. वाटेत दिसली तर कुबड्या फिरवून उलटा जायचा. ती येईल म्हणून तिठ्यावर यायचा बंद झाला. असा एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात नांगरवाल्यांची विहीर आटली. अगदी ठणठणीत; बादली टाकली तर धूळ वर यायची. वहिनी दम लागलेल्या छातीनं डोक्यावरून पाणी आणायची. दादाला कुबड्यांवर ते जमत नव्हतं आणि बायकोला आणताना बघवतही नव्हतं. शेवटी नवऱ्याला न सांगता वहिनी तिठा ओलांडून डावीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी नांगरवाल्यांच्या दारात. पुढं ताई. मी छोटी भट्टी घेऊन तिथंच बसलो होतो, दगड कठीण लागतो म्हणून हत्यारं जागेवरच शेवटायला, म्हणजे तापवून टोक काढायला. दादा अंगणातल्या खाटेवर होता. तिला बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ताईनंही त्याच्याकडे बघितलं नाही. गड्यांना विहिरीत उतरवलं, काठावर उकिडवी बसली आणि सुरुंगासाठी भोक कुठं घ्यायचं ते बोट करून सांगायला लागली.

पहारीचे घाव सुरू झाले. दादाची पाठ तशीच. एक पहार बोथट झाली, मी ती निखाऱ्यात घातली. ताई म्हणाली, "आणखी डावीकडे. हां, तिथंच."

"तिथं नको," भिंतीकडून आवाज आला.

सगळ्यांचे हात थांबले. ताईनं मान वळवली नाही. "कोण बोललं?"

"तिथं सुरुंग लावलास तर माझी भिंत येईल खाली."

"आली तर बांधून देईन."

"तू बांधणार! तुझ्या हातची भिंत म्हणजे कुत्र्यानं अंग घासलं तरी पडेल."

"मग उठ आणि दाखव कुठं लावू ते! भिंतीशी काय बोलत बसलास?"

दादा कुबड्या ओढून उठला. टक् टक् करत काठावर आला, घामाघूम, लाललाल. "तिकडं, तिकडं! खडकाची चीर दिसत नाही तुला? आंधळी आहेस?"

"चीर कसली, कोळ्याचं जाळं आहे ते!"

"मला विहिरीतलं कळत नाही म्हणतेस?"

"नांगरवाल्याला काय कळणार विहिरीतलं!"

दोघांचे आवाज असे चढले की विहिरीतले गडी तोंड वर करून बघायला लागले. शेजारची माणसं कुंपणापाशी जमली, त्यांना वाटलं पुन्हा सुरू झालं. दादा कुबडी आपटत होता, ताई हातवारे करत होती, दोघांच्या मानेच्या शिरा ताठ. मी पहार निखाऱ्यातून काढून ऐरणीवर घेतली. वहिनी चुलीपाशी चहाचं आधण ठेवून उभी होती, तोंडावर हात धरून. दोघांकडे तिनं जरा वेळ बघितलं. मग वळली आणि आधणात आणखी एका कपाचं पाणी ओतलं.